कुलूपबंद वस्तीतला ताप

२६ नोव्हेंबर ९६

बोट ठणकतंय. डाव्या हाताचं मधलं. आज पुन्हा माझंच.

शेलारभाऊ म्हणतात, "पोरी, तुजं रक्त लई चांगलं पसरतं काचंवर. आण बोट." जसं काही मी भाकरी चांगली थापते! महिना संपत आला आणि हिवतापाच्या काचा भरायच्या राहिल्यात. खरं काम असं, की दारोदार जायचं, ताप आलेलं माणूस शोधायचं, त्याच्या बोटाला टोचून काचेवर थेंब घ्यायचा, नाव नि घर नंबर घालून लॅबला पाठवायचं. पण एवढं फिरतंय कोण. माझं एक बोट दाबलं की चार घरं उरकतात.

याला म्हणे ट्रेनिंग. दीड वर्ष बारामतीत वर्गात बसून रबरी बाहुलीचं बाळंतपण केलं. आता शेवटचे तीन महिने फील्ड. "उपकेंद्रात सिस्टरच्या हाताखाली शिकायचं," असं मॅडमनी सांगितलेलं. इथं येऊन बघते तर सिस्टरची जागाच रिकामी. मग मीच सिस्टर. शिकवायला शेलार. वीस वर्षं आरोग्यसेवक म्हणून सायकल मारून माणूस आटलाय, आणि त्याचं शिकवणं म्हणजे माझं बोट.

शेवटी केंद्राच्या डॉक्टरसाहेबांची सही पाहिजे, 'काम समाधानकारक'. सही नाही तर परीक्षा नाही. दादांनी कळंबात आधीच सांगून ठेवलंय, आमची सुनी सिस्टर झाली. आज्याची मेंढरं होती, दादांची शेती आहे, आता घरात पहिला पगार माझा यायचाय. म्हणून बोट देते. दुसरं काय.

२८ नोव्हेंबर

सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर एक बाई बसलेली. माझ्यापेक्षा लहानच असेल. पोट सातव्या महिन्याचं. यमुना नाव. धरणाच्या फुगवट्याला पाल ठोकून राहिलेल्या भोयांतली. नवरा मासे धरतो, भिगवणला घालतो. "शिस्टर, एक दिसाआड थंडी वाजती वो. दात वाजत्यात. आमच्यात समद्यास्नीच हाय."

शेलार आत होते. तिच्यासमोर म्हणाले, "ती आपली न्हाईत. त्यास्नी घर नंबर न्हाय."

मी पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर चालत गेले. पाण्याच्या कडेला डबकीच डबकी, डास हाताने बाजूला सारावे लागतात. पिशवीत होत्या तेवढ्या सगळ्या काचा घेतल्या. पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोटाला टोचलं! यमुनाने हात असा पुढं केला, जसा बांगड्या भरायला करतात. म्हणाली, "ह्यात कळंल काय झालंय ते?" मी म्हटलं, कळेल. "मग सांगशीला मला?" सांगेन की.

नंबर नव्हते म्हणून 'पाल एक, पाल दोन' असं घातलं. येताना भारी वाटत होतं. अंग जरा कसकसतंय, उन्हाने असेल.

३० नोव्हेंबर

मेलं ते ट्रेनिंग.

सकाळी उपकेंद्रामागच्या नळावर शेलार काचा धूत बसलेले. मी विचारलं, कुठल्या? "तुज्या त्या पालातल्या." साबण लावून, फडक्याने पुसून, उन्हात मांडलेल्या, लख्ख.

"आगं, वरनं काचा येत न्हाईत वेळंवर. आन् पाल एक पाल दोन कुठं चढवू मी? लोकसंख्येत न्हाईत ती. उद्या साहेब मला इचारतील."

मी म्हटलं, तापाने फणफणलेत ती माणसं. तर म्हणे, "माज्या हद्दीतली तापाची माणसं तेवढी मला माहीत."

आणि त्याच धुतलेल्या काचा, तेच बोट. मी हात मागे घेतला, तर नुसतं एवढंच म्हणाले, "सही साहेब करत्यात, पर साहेबास्नी सांगतो मी." दिलं मग. नऊ नावं घातली वरच्या वस्तीची. वरची वस्ती म्हणजे माझ्या आत्याचं सासर! त्या यादीत आत्याचंही नाव. मी म्हटलं, भाऊ, ती सगळी दिवाळी झाली तशी मेंढरं घेऊन कोकणात उतरली, वस्तीला कुलपं आहेत. आता जेठात येतील.

"मंग तर ब्येसच. कोण तक्रार करतंय."

मला थंडी वाजत होती. मला वाटलं रागाने.

२ डिसेंबर

रागाने नव्हती. दुपारी गोधडी, वर चादर, वर शेलारांचा स्वेटर, तरी खाट हलत होती. मग ताप, मग घाम. संध्याकाळी एकदम बरी. चहा पण प्यायले.

४ डिसेंबर

पुन्हा. एक दिवस सोडून, तीच वेळ. पुस्तकात जसंच्या तसं आहे. वर्गात मी पाठ म्हणून दाखवलं होतं, मॅडम शाब्बास म्हणाल्या होत्या.

शेलारांना म्हटलं, आज माझं रक्त माझ्या नावाने घ्या. "आता काचा कुठायत? गेल्या की समद्या." बाई गं, हसावं का रडावं!

यमुना आली होती. मी आत निजलेली. दारातूनच विचारून गेली, "शिस्टर, माज्या काचंचं आलं का काय?"

झोपल्याचं सोंग घेतलं मी.

९ डिसेंबर

केंद्रावरून शिपाई धावत आला. वरच्या वस्तीच्या नऊच्या नऊ काचा दूषित. सगळ्यांना हिवताप. लॅबवाल्याने दोनदा बघितल्या म्हणे. तालुक्याला कळलं, तिथून पुण्याला गेलं. उद्रेक! परवा मोठे साहेब येतायत.

शेलार पायरीवर बसले ते उठेनात. मला म्हणाले, "आसं कसं झालं गं?"

मी हसत सुटले. थांबेचना. म्हटलं, भाऊ, ते माझंच रक्त. मला झालाय हिवताप. एकटीला नऊ वेळा झालाय.

त्यांनी डोक्याला हात लावला. मग हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नगंस." माझी विचारपूस? नाव नको. अंगात ताप आहे का, गोळी घेतलीस का, काही नाही.

११ डिसेंबर

आजचं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

दोन जीपा, फवारणीची गाडी, पुण्याचे मोठे साहेब, आमचे साहेब, शेलार, मी. धूळ उडवत वरच्या वस्तीला. घराघराला कुलूप. मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जागी नुसत्या लेंड्या. सावलीला एकटा तुकाआबा, आत्याचा चुलतसासरा. गुडघे गेले म्हणून राखणीला मागे ठेवलेला. शेजारी कुत्रं.

मोठे साहेब: "आबा, इथले आजारी लोक कुठं आहेत?"

आबा: "आजारी? हितं मी हाय आन् ह्यो कुत्रा हाय. आमाला दोगास्नी काय झालं न्हाय."

"नऊ जणांना ताप आहे इथं."

"आसंल बाबा. ती कोकणात हायत. तितनं तुमास्नी कसं कळलं?"

मोठे साहेब भिंतीजवळ गेले. प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने शेलारांच्या भेटीच्या तारखा. पंधरा दिवसाला एक, न चुकता, वस्ती रिकामी झाल्यावरच्यासुद्धा. "भेटी मात्र नियमित आहेत," म्हणाले.

आबाला राहवेना. "ह्यो शेलार ना? येतो, भितीवर लिवतो, पाणी पितो, जातो. मला कवा इचारलं न्हाय, आबा, ताप हाय का."

शेलारांनी मान खाली घातली. तेवढ्यात आबाने मला ओळखलं. "सुने! तू हाईस व्हय ह्यांच्यात? बरं झालं बाई. आपलं मानूस आसलं म्हंजी काळजी न्हाय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तरीही फवारणी झालीच. आणलेलं औषध परत न्यायचं नाही म्हणून. घरात जाता येईना म्हणून बाहेरून भिंती, दारं, कोंबड्यांची खुराडी. आबा ओरडत होता, "आरं, कुलपाला कशाला मारताय!"

तिथून भोयांची पालं दिसतात. धूर निघत होता चुलींचा. त्या बाजूला एकानेही मान वळवली नाही. मीही बोलले नाही. सही.

१२ डिसेंबर

केंद्रावर आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला माझ्यासाठी. तेव्हाच समजायला हवं होतं.

"गेल्या पंधरवड्यात तुला ताप येऊन गेला का?" म्हटलं, हो सर. खिडकीतून बाहेर बघत बसले. हुशार माणूस आहे, पट्कन कळलं त्यांना. वाईट याचंच वाटतं. शेलार अडाणीपणाने करतो, हे समजून उमजून.

"हे बघ सुनंदा, तू चांगली मुलगी आहेस. आम्ही रिपोर्टमध्ये 'रुग्ण स्थलांतरित' लिहितोय. ते खरंच आहे ना? गेलेत ना ते कोकणात?"

हो.

"मग आपण खोटं काय लिहितोय?"

मी म्हटलं, सर, भोयांच्या पालात खरा ताप आहे. एक गरोदर बाई आहे. मी काचा घेतल्या होत्या.

"ते लोक आपल्या हद्दीत धरलेले नाहीत. त्यांचं नंतर बघू. तुझं ट्रेनिंग किती राहिलंय?" मी सांगितलं. "जपून राहा म्हणजे झालं. मी तुझं काम बघतोय."

चहा गोड होता. पिऊन आले. लाज वाटते लिहायला.

१४ डिसेंबर

त्या नऊ जणांसाठी गोळ्या आल्या. शेलारांनी पाकीट माझ्यासमोर टाकलं. "घे. तुज्याच हायत." एवढं खरं बोललेला माणूस मी इथं पहिल्यांदाच बघितला.

माझ्यापुरत्या काढल्या, बाकीच्या घेऊन पालावर गेले. थोरल्या कडू गोळ्या सगळ्यांना. धाकट्या गोळ्या असतात त्या गरोदर बाईला द्यायच्या नाहीत, हे पक्कं लक्षात होतं, दीड वर्षात एवढा तरी उपयोग झाला. यमुनाचे डोळे आत गेलेत, ओठ पांढरे. गोळी गिळताना विचारलंच तिने, "म्हंजी काचंत निघालं व्हय?"

मी हूं केलं. नुसतं हूं. ना धड हो, ना नाही.

तिच्या नवऱ्याने निघताना चिलापी मासा दिला एक, पाल्यात गुंडाळून. नको म्हटलं तर म्हणाला, "आमच्यात कोण येतंय बाई. तुमी आलासा."

१७ डिसेंबर

सकाळी तिचा नवरा पळत आला. वेळ व्हायच्या आधीच दुखायला लागलेलं. मी गेले तर अंगावरून जाऊ लागलेलं. हे रबरी बाहुलीवर शिकवत नाहीत.

जीपसाठी केंद्रावर माणूस पाठवला. जीप नाही! फवारणीचा दुसरा हात मारायला वरच्या वस्तीला गेलीय. कुलपांना. मी त्या माणसाला विचारलं, पुन्हा विचारलं, तो तेच सांगत राहिला.

मग मासळीचा टेम्पो. बर्फाच्या पेट्या खाली उतरवल्या, फळीवर गोधडी टाकली. भिगवणच्या अलीकडेच झालं. मुलगा होता. केवढासा. उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात फुंकलं, सगळं केलं, जे जे शिकले ते सगळं. रडला नाही.

यमुना वाचली.

हात धुतले तरी मासळीचा वास जात नाही. जेवले नाही.

१९ डिसेंबर

बाळाची नोंद करायला गेले. साहेब म्हणाले, "उपजत मृत्यू आपल्या आकड्यात कशाला घेतेस? आई आपल्या लोकसंख्येत नाही." मी म्हटलं, सर, ताप पण नाही, बाळ पण नाही, मग ती बाई तरी आहे का? आवाज चढला माझा. ते रागावले नाहीत. म्हणाले, "या नोकरीत असं खूप बघशील. सवय होते."

म्हणजे हेच शिकायचं होतं. आधीच सांगितलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

शेलार दिवसभर सायकल पुसत होते. जाताना म्हणाले, "मी धुतल्या नसत्या तर काय फरक पडला आसता? लॅबवाल्यानं टाकूनच दिल्या आसत्या." पण मनात घोळतंय, पडला असता. नऊ तारखेला निकाल आला तेव्हाच तिला गोळी मिळाली असती. आणि जीपसुद्धा इकडं आली असती.

३ जानेवारी ९७

घरी जाऊन आले. दादांनी नवं घड्याळ आणलंय, सेकंद काट्याचं, नाडी मोजायला. सगळ्या आळीला दाखवलं. मी बांधून बघितलं. आईने विचारलं, बोटाला काय झालं गं? टोचून टोचून शेंड्याला घट्टा पडलाय. म्हटलं, सुईकामाने.

सांगणार होते दादांना. ते घड्याळाला किल्ली देत बसलेले. नाही सांगितलं.

२१ जानेवारी

पुढची मुलगी आली आज, माझ्या जागी शिकायला. कविता, पणदऱ्याची. पांढरी साडी कडक इस्त्रीची, पिशवीत नवी वही. सगळ्याला "हो ताई, हो ताई".

संध्याकाळी मी पाणी भरत होते. आतून शेलारांचा आवाज, "पोरी, बोट आण बगू."

आणि तिचा, "भाऊ, आधी स्पिरिटचा कापूस लावायचा ना?"

घागर तिथंच टाकली. आत जाऊन तिचा हात ओढला. शेलार म्हणाले, "सही झाली न्हाय अजून तुजी." मी म्हटलं, मग टोचा मला.

नाही टोचलं त्यांनी. काच परत डब्यात ठेवली. कविता माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी वेडी आहे.

३० जानेवारी

सही झाली. 'समाधानकारक' नाही, साहेबांनी स्वतःच्या अक्षरात 'अत्युत्तम' लिहिलं. वर म्हणाले, "जिल्हा परिषदेची भरती निघतेय. हे उपकेंद्र रिकामंच आहे. मी शब्द टाकतो."

आनंदच झाला होता की. खोटं कशाला लिहू इथं? खूप आनंद झाला. रस्त्याला लागल्यावर ओकारी आली.

निघण्याआधी पालावर गेले. यमुना जाळं विणत होती. बाळाचं काही बोलली नाही. म्हणाली, "तू चाललीस व्हय?" आता अगं-तुगं करते. मग, "माज्या काचंत काय निघालं ते सांगितलंच न्हाईस बघ. माज्या मनात येतं, माज्यातच काय खोट आसंल, म्हणून पोर गेलं. जाऊ म्हणती, तुज्या रक्तातच खोट हाय."

मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं. तिचा नवरा होडी ओढत आला, आणि मी गाडी चुकेल म्हणून निघाले. गाडी काही नव्हती तेव्हा.

१२ फेब्रुवारी, बारामती

दुपार. ट्रेनिंग सेंटरच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितेय. बाकीच्या मुली तोंडी परीक्षा देऊन गेल्या. मला थांबवलंय.

आत चौघं होते. मॅडम, बाहेरगावच्या परीक्षक बाई, एक कारकून आणि कोपऱ्यात आमचे साहेब, केंद्राचे प्रतिनिधी म्हणून. साहेब हसले माझ्याकडे बघून. परीक्षक बाईंनी 'अत्युत्तम' वाचलं, चष्मा वर केला, म्हणाल्या, "वा! बरं, सोपं विचारते. हिवतापाचा रक्तनमुना घेतल्यानंतर शेवटची पायरी कोणती?"

पाठ आहे मला. झोपेत विचारलं तरी सांगेन. रुग्णाला निकाल कळवणे.

तोंडातून ते आलंच नाही. घड्याळाचा काटा फिरताना दिसत होता. साहेब म्हणाले, "घाबरू नकोस, येतं तुला." तिथं काहीतरी तुटलं. म्हटलं, मॅडम, मी पालातल्या नऊ जणांचे नमुने घेतले होते, एकालाही निकाल कळवला नाही. ते धुतले. आणि वरच्या वस्तीचे नऊ दूषित निघाले ते नऊही माझे आहेत. हे बोट बघा.

बोट टेबलावर ठेवलं. कारकुनाने लिहायचं थांबवलं. साहेब उठून उभे राहिले, "मुलगी आजारी होती मध्ये, तिला..." परीक्षक बाईंनी त्यांना हाताने बसवलं. माझं बोट धरून उजेडाकडे फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "बाहेर थांबा तुम्ही."

तशी बसलेय. दार बंद आहे. मघाशी आवाज चढले होते, आता काहीच ऐकू येत नाही. शिपाई दोनदा चहा घेऊन आत गेला, माझ्याकडे न बघता. फाटकाबाहेर दादा उभे आहेत, पेढ्याचा पुडा हातात. मला बघून हात वर केला त्यांनी. मी पण केला.

पास करोत नाहीतर हाकलून देवोत. दादांना काय सांगायचं, मला माहीत नाही. पण इथून उठले की आधी भिगवणची गाडी धरायची. यमुनाला सांगायचंय, तुझ्या रक्तात काही खोट नव्हती गं. तुझं रक्त कुणी बघितलंच नाही.

दार उघडलं. नाही, पुन्हा शिपाईच. कप घेऊन चाललाय.